चौथ्या मजल्यावरची मंडळी

रविवार, ता. ३

सगळ्यात आधी उगवली ती शिंपीणबाई. म्हणे, आजी, सुईत दोरा ओवून द्याल का? आता जिचं अख्खं आयुष्य शिवणयंत्रापुढे गेलं ती दोरा ओवायला माझ्याकडे येणार? मला भातातला खडा दिसत नाही, दाताखाली आला की कळतो. पण मी बस म्हटलं. ती खिडकीजवळच्या हाताच्या खुर्चीत बसली, टीव्हीच्या बरोब्बर समोर, आणि सुईदोरा पर्समध्येच राहिला.

तिच्यामागून मास्तर आले, जिन्यात तीनदा थांबून, खोकत. ते शाळेतून निवृत्त झाले, पण कोणी चुकीचं बोललं की त्यांचं बोट अजून आपोआप वर होतं. रस्त्यावरून जात होतो, गाण्याचा आवाज आला म्हणून डोकावलो म्हणाले. आवाज यायचाच. आमचा लेक माईक आणि स्पीकर भाड्याने देतो. त्याने टीव्हीला लग्नसमारंभातले दोन मोठे स्पीकर जोडलेत. कपाटातल्या बशासुद्धा गाणं म्हणतात.

माझ्यासाठीच केलंय हो त्याने. गुडघ्याने दगा दिल्यापासून मी चौथा मजला उतरलेली नाही, देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, गेलेली नाही. लेक म्हणाला, आई, आता देऊळच घरी येईल, आणि खरंच आलं. टीव्हीवरचे उपदेशक साहेब पांढऱ्या शर्टात उभे राहतात नि थेट आपल्याकडे बघून म्हणतात, तुम्ही घरी बसला आहात, मला दिसताय. मी पटकन शाल नीट केली आणि सूनबाईला खुणावलं, अगं ते बाळाचे वाळत घातलेले लंगोट उचल.

गाणं चालू असताना तिथली माणसं दाखवतात. काय ती गर्दी! पहिल्या रांगेत निळ्या स्वेटरची एक बाई आहे, ती मधेच शिंकली. सांभाळ गं, म्हटलं मी.

हे लिहायचं कारण म्हणजे डॉक्टर. रोज लिहीत जा, बोटं आखडणार नाहीत म्हणाले. सूनबाईने वही आणली. मी चौथीपर्यंत शिकले, त्यातली तिसरी दोन वेळा. वेलांट्या चुकल्या तर वहीने सांभाळून घ्यावं.

मंगळवार, ता. ५

या सगळ्या माणसांनी देऊळ का सोडलं ते लिहायचं राहिलं.

लेक सगळ्यांना सांगतो, देव काय भिंतींमध्ये राहतो? माणूस आणि देव यांच्यामध्ये पाळक कशाला, कमिटी कशाला, बाकडी कशाला? बोलतो छान. पण माईकचं नाव काढत नाही. झालं होतं असं, की आमच्या देवळात माईक हाच लावायचा, लहानपणापासून. मग एका रविवारी उपदेशाच्या मधोमध माईक मेला. हा तारा ओढतोय, वाकतोय, घामाघूम झालाय, आणि पाळकसाहेब वरून म्हणाले, राहू द्या, माईकवाचूनही ऐकू येतंय. आणि आलं हो ऐकू, मागच्या बाकापर्यंत आलं. मागचं कोणीतरी मोठ्याने म्हणालं की उलट आजच नीट आलं. तेव्हा लेकाच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्याला पुढच्याच आठवड्यात कळलं, देवळाची माणसाला गरजच नाही.

शिंपीणबाईचं म्हणणं, तिथे प्रेम उरलं नाही. तिच्या नेहमीच्या जागेवर कमिटीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाच्या बायकोने पर्स ठेवली होती. मास्तरांचं म्हणणं, तिथे सत्याची चाड नाही. ते गीतांच्या कागदावरच्या चुका लाल शाईने दाखवायचे आणि कमिटी काळ्या शाईने त्याच पुन्हा छापायची.

सगळ्यांची कारणं मोठी आहेत. मला त्यातलं फार कळत नाही. मला आपली माझ्या नातीची घाई आहे. लग्नानंतर किती वर्षांनी झालीये! गोल, टकली आणि रागीट, अगदी आजोबांवर गेलीये. तिचं नाव ठरलंय, पण बाप्तिस्मा होईपर्यंत मी ते वहीत लिहिणार नाही. आतापुरतं ठमाबाई.

आमच्या देवळात बाप्तिस्म्याची एक रीत आहे. पाळक बाळाच्या डोक्यावर पाणी घालतात, मग मंडळीला विचारतात, या लेकराला आपलं म्हणाल का? मंडळी उभी राहून हो म्हणते. आणि मग बाळ बाकांवरून फिरतं. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत, प्रत्येकाच्या हातावरून, आणि परत आईकडे. माझा लेक असा फिरला तेव्हा घड्याळजीच्या कोटावर ओकला होता. त्याच घड्याळजीने पुढे त्याला तारा जोडायला शिकवलं. मला टायफॉइड झाला तेव्हा त्या बाकांवरच्या बायकांनी घर चालवलं. आमच्या ह्यांना शेवटचं उचललं तेही त्याच हातांनी.

तर माझं मागणं एवढंच. ठमाबाई बाकांवरून फिरताना मी त्या रांगेत असायला हवी. माझ्या हातावरून ती पुढे जायला हवी.

रविवार, ता. १०

आज घर नुसतं भरलं. खालच्या मजल्यावरचं जोडपं आलं, पावाच्या दुकानवाली आली, तिचा भाऊ आला. लेक खुर्च्या उसन्या आणून रांगेत लावत होता. अशा सरळ रांगा, मधे जायला वाट. मी म्हटलं, अगदी देवळासारखं दिसतंय रे. तो म्हणाला, काहीतरीच काय आई, हे मोकळं वातावरण आहे.

शिंपीणबाई लवकर आली, खिडकीजवळच्या खुर्चीवर पर्स ठेवली आणि मग स्वयंपाकघरात चहाला मदत करायला गेली. पर्स का ठेवलीस विचारलं, तर म्हणाली, कोणी बसू नये म्हणून. हुशार आहे बाई.

साहेबांचं झाल्यावर लेक उठला. दोन सूचना म्हणाला नि सात दिल्या. चपला जिन्यात ओळीने, फोन बंद, उशिरा येणाऱ्यांनी मागे बसावं. मग प्रार्थना केली, ती इतकी लांबली की दूध उतू गेलं. पाळकसाहेबांची प्रार्थना लांबते म्हणून हाच घड्याळ बघायचा. आज खालच्या मजल्यावरचा माणूस बघत होता.

निळ्या स्वेटरवालीची सर्दी अजून तशीच आहे. गाण्याच्या तिसऱ्या कडव्याला पुन्हा शिंकली. घरात कोणी म्हातारं माणूस नसावं तिच्या, नाहीतर वाफ घ्यायला लावली असती.

गुरुवार, ता. १४

पाळकसाहेब आले होते. आमच्या लेकापेक्षा वयाने लहान, आणि वेंधळे. तिसऱ्याच मजल्यावर बेल वाजवून बसले होते, तिथल्या बाईने चहाही पाजला. मग आमच्याकडे आले. ठमाबाईला मांडीवर घेतलं, तिने त्यांचा चष्मा ओढला, त्यांनी तो तिलाच चावायला दिला. देवळात का येत नाही हे विचारलंच नाही. गुडघ्याचं विचारलं.

म्हणाले, "आजी, खाली यायचं मनात आहे ना?"

"मन कधीच खाली गेलंय," मी म्हटलं, "गुडघा येत नाही."

"मग खुर्चीत बसवून उचलून नेतो की. चार माणसं लागतील."

लेक आतून आला. "आईला काय कपाट समजलात?"

मला कपाट व्हायला चाललं असतं, पण विचारलं कोणी नाही.

मग बाप्तिस्म्यावरून निघालं. लेक म्हणाला, इथेच करा, माणसं आहेत, खुर्च्या आहेत, आवाज तर तुमच्याकडच्यापेक्षा चांगला आहे. पाळकसाहेबांनी चष्मा ठमाबाईच्या हातून सोडवून घेतला. म्हणाले, "करीन. पण प्रश्न कोणाला विचारू? आज हो म्हणणारी माणसं, ही शाळेत जाईल तेव्हा असतील का इथे?"

"तुमच्याकडची तरी असतात का?"

"नसतात सगळी," ते म्हणाले. "म्हणून तर जिने चढतोय."

हे ऐकून लेक जरा नरमला होता, खोटं कशाला बोलू. पण जाताजाता पाळकसाहेब म्हणाले, आणि माईकची काळजी करू नका हं, त्याच्यावाचून अगदी छान चाललंय. झालं. माणूस मनाने चांगला आहे पण त्याला कुठे थांबावं कळत नाही, उपदेशातही असंच होतं.

ते गेल्यावर लेकाने जाहीर केलं, ठमाबाईचा बाप्तिस्मा टीव्हीवरचे साहेबच करतील. चोवीस तारखेला ते सगळ्या घरांतल्या बाळांचा करणार आहेत. वाडग्यात पाणी घेऊन बसायचं, ते सांगतील तेव्हा बापाने डोक्यावर घालायचं. सूनबाई स्वयंपाकघरात गेली. तिने चहाचे कप इतक्या जोरात विसळले की एकाचा कान गेला.

मी विचारलं, मग बाकांवरून कशी फिरणार? लेक म्हणाला, आई, लाखो माणसं बघणार आहेत तिला. मी म्हटलं, बघू देत की, पण धरणार कोण?

रविवार, ता. १७

आज बैठक झाली. लेक म्हणाला बैठक नाही, नुसतं बोलणं. पण मास्तर म्हणाले, बोलण्याला अध्यक्ष लागतो. मग लेक अध्यक्ष झाला, मास्तर चिटणीस, आणि मला काही नको म्हणून रुसून दाखवल्यावर शिंपीणबाई चहाची प्रमुख झाली. म्हणजे कमिटी नाही, नुसती तीन माणसं.

पहिला विषय आवाज. मास्तरांना हळू हवा, शिंपीणबाईला मोठा. लेक म्हणाला, आवाजातलं मला कळतं. मास्तरांचं बोट वर गेलं, अध्यक्षाने बाजू घ्यायची नसते. पाववाली म्हणाली, भांडू नका, हळूवाल्यांनी स्वयंपाकघरात फोनवर ऐकावं. मग तसंच झालं. मास्तर, पाववाली आणि तिचा भाऊ ओट्यापाशी, बाकीचे बाहेर. बाहेरचे साहेब आतल्या साहेबांच्या जरा पुढे होते, त्यामुळे आमचं आमेन झालं की आतून पुन्हा आमेन. मला मजा वाटली. एवढ्याशा घरात दोन मंडळ्या!

सर्दी तशीच. मी सूनबाईला म्हटलं, त्या साहेबांना कळव ना, तुमच्या पुढच्या रांगेतल्या बाईला ओवा भाजून हुंगायला द्या. ती हसली. मी थट्टा करत नव्हते.

बुधवार, ता. २०

मोडलं सगळं.

मास्तरांनी निरोप पाठवला की स्वयंपाकघरातल्या मंडळीला चहा शेवटी मिळतो, हे ठरवून चाललंय. शिंपीणबाई तणतणत वर आली की चहावर बोट ठेवणारे हे कोण. तेवढ्यात मास्तरही आले, खुलासा मागायला. तिने पर्स खुर्चीवर ठेवली, त्यांनी ती उचलून खाली ठेवली. पुढचं सगळं लिहीत नाही, वहीला लाज वाटेल.

शेवटी मास्तर दारात उभे राहून लेकाला म्हणाले, "देव काय तुमच्या चौथ्या मजल्यावरच भेटतो? फोन माझ्याकडेही आहे." शिंपीणबाई म्हणाली, माझ्याकडेही आहे, आणि माझ्या घरी सगळ्या खुर्च्या माझ्याच आहेत. दोघं एकाच जिन्याने उतरले, एक भिंतीकडून, एक कठड्याकडून. पाववाली, तिचा भाऊ आणि खालचं जोडपं, त्यांनाही आता आपापल्या घरी जास्त शांती मिळणार आहे म्हणे.

लेक किती वेळ खुर्च्यांकडे बघत बसला. मग एकदम म्हणाला, "अशी मंडळी सोडून जातं का कोणी? जरा मनाविरुद्ध झालं की निघाले. माणसाने टिकून राहायला नको?"

सूनबाईला ठसका लागला. ठमाबाईला घेऊन आत गेली आणि आतून बराच वेळ तिच्या ठसक्याचा आवाज येत होता. मी पाणी नेऊन दिलं तर डोळे पुसत होती बिचारी.

रविवार, ता. २४

बाप्तिस्म्याचा दिवस. लेकाने रांगेत लावलेल्या खुर्च्या तशाच होत्या, काढवल्या नसाव्यात. कोणी आलं नाही. दाराकडे दोनदा जाऊन आला, वारा होता.

ठमाबाईला पांढरा फ्रॉक घातला. सूनबाईने तिला धरलं, लेकाने काचेचं वाडगं धरलं, मी माझ्या खुर्चीत. बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या, पुढे तोंड करून. स्पीकर मात्र जोरात होते. साहेब म्हणाले, बाळाचं नाव मोठ्याने सांगा. लेक सांगायला लागला तर निम्म्या नावावरच साहेब पुढे गेले. त्यांनाही लाखो नावं घ्यायची असणार.

मग त्यांनी हात पसरले नि तिथल्या माणसांना विचारलं, या लेकरांना आपलं म्हणाल का? ती सगळी गर्दी दाखवली, उठून उभी राहत होती. मला एकदम बरं वाटलं, कोणीतरी उभं राहिलं बाई! मीही उठायला गेले, पण गुडघ्याने बसवलं. आणि पहिल्या रांगेत आमची निळ्या स्वेटरवाली.

मी लेकाला म्हटलं, "थांब हं जरा, आता ती शिंकेल."

ती शिंकली. मग सगळे "हो" म्हणाले.

लेकाने माझ्याकडे वळून बघितलं. "तुला कसं कळलं?"

"दर रविवारी शिंकते," मी म्हटलं. "शिंकते, मग डाव्या बाहीला नाक पुसते, आणि शेजारचा टकला तिच्याकडे बघतो. पहिल्या दिवसापासून बघतेय मी. तुम्ही सगळे आवाजाच्या बटणात गुंतलेले असता."

त्याने टीव्हीकडे बघितलं. तिने बाहीला नाक पुसलं. टकल्याने बघितलं. पाणी घाला, साहेब म्हणत होते, आता पाणी घाला. लेकाचा हात वाडग्यात होता तसाच राहिला. मग त्याने दुसऱ्या हाताने टीव्ही बंद केला. स्पीकरमधून ठप्प असा आवाज आला आणि घर इतकं शांत झालं की ठमाबाई घाबरून रडायला लागली.

मला कळेना काय झालं. शिंक आली म्हणून कोणी बाप्तिस्मा थांबवतं का? सूनबाईने त्याच्या हातातलं वाडगं घेतलं आणि पाणी खिडकीतल्या कुंडीत ओतलं.  आज तिने भांडी हळू घासली.

सोमवार, ता. २५

लेक सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन बाहेर पडला. कुठे रे, तर म्हणाला, देवळात जरा माईक बघून येतो, वस्तू अशी पडून खराब होते.

जेवायला परत आला तो कान लाल. सूनबाईने बरंच खोदल्यावर बोलला. माईकला काही झालंच नव्हतं. भिंतीमागे एक बटण आहे, ते बंद होतं. झाडलोट करणाऱ्या मावशी धूळ पुसताना ते बंद करतात, विजेचा धक्का बसू नये म्हणून, आणि त्या रविवारी चालू करायचं विसरल्या. तेव्हापासून तसंच. कोणी मागे जाऊन बघितलं नाही, यानेही नाही.

मी हसले नाही. खरंच नाही. शाल तोंडावर घेतली होती ती थंडी वाजत होती म्हणून.

मग म्हणाला, पाळकसाहेबांनी वर्गणी, हिशोब, सभासदत्व, काही काढलं नाही. एवढंच विचारलं, आजींसाठी खुर्ची कोणती आणायची. लेकाने सांगितलं, खुर्च्या आमच्याकडे पुष्कळ झाल्यात.

शुक्रवार, ता. २९

सगळ्यात आधी उगवली ती शिंपीणबाई. लेकाने काल सगळ्यांना निरोप धाडला होता. या खेपेला सुईदोरा नव्हता, जाड कापडाचे दोन रुंद पट्टे होते, तिनेच शिवलेले. मला खुर्चीला बांधायचे. पाळकसाहेब आले, या वेळी थेट चौथ्या मजल्यावर. माईकचं बटण बंद करणाऱ्या मावशी आल्या, त्यांच्या दंडात दोन माणसांचं बळ आहे. मास्तर सर्वांत शेवटी, ते म्हणाले मी उचलू शकणार नाही पण देखरेख करीन.

रविवारी देवळात ठमाबाईचा बाप्तिस्मा ठरलाय, म्हणून आज रंगीत तालीम होती, मला उतरवायची. कोणती खुर्ची घ्यायची यावर पुन्हा वाद. हातांची अशी एकच, खिडकीजवळची. सगळे शिंपीणबाईकडे बघायला लागले. तिने पर्स उचलून खांद्याला लावली. "घ्या," म्हणाली, "पण परत त्याच जागी ठेवायची."

मला बांधलं. पुढे मावशी आणि पाळकसाहेब, मागे लेक आणि एका बाजूला हात द्यायला शिंपीणबाई, सगळ्यांच्या मागे बाळाला घेऊन सूनबाई. मास्तर खालच्या पायरीवर बोट वर करून, डावा पाय आधी, डावा, साहेब तुमचा तो उजवा आहे. मी डोळे मिटले होते, मग उघडले. जिन्यातली खिडकी किती दिवसांनी बघितली! कोणीतरी काच बदललीये.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची अडकली, तशी खाली टेकवली. मागून सूनबाईला पट्टा सैल करायला दोन्ही हात हवे होते, म्हणून तिने ठमाबाई शिंपीणबाईकडे दिली. शिंपीणबाईला कठडा धरायचा होता, तिने मास्तरांकडे दिली. मास्तरांनी आयुष्यात तान्हं बाळ धरलेलं नसावं, त्यांनी परीक्षेचा पेपर द्यावा तशी मावशींच्या हातात ठेवली. मावशींनी पाळकसाहेबांकडे, त्यांचा चष्मा धोक्यात आला तशी त्यांनी लेकाकडे, आणि लेकाने वाकून माझ्या मांडीत. तिथे ती गप्प झाली. सगळे धापा टाकत उभे होते. कोणी हसलं नाही.

मी म्हटलं, हे धरायचं नाही हं, खरं रविवारी.

मग मला तशीच परत वर आणली, आणि खुर्ची खिडकीजवळ ठेवली. चहा झाला. मास्तरांना पहिला दिला, मी बघत होते. जाताना दोघं बोलत नव्हते अजून, पण जिन्याच्या एकाच बाजूने उतरले.

टीव्ही लावणार नाही तर त्या निळ्या स्वेटरवालीचं पुढे काय झालं ते मला कळायचं नाही. तिच्याकडे कोणी जिना चढून जात असेल का?

रविवारी सकाळी येतो म्हणाले, पहिल्या घंटेच्या आधी. म्हणजे परवा, ता. ३१. नाव तेव्हा लिहीन.